पैठणीच्या काठाची सही: फोटो फॉरवर्ड झाला तरी नंबर सोबत जायला हवा

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस व्हॉट्सॲपवर काय चालतं ते तुम्हाला माहीतच आहे. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी चकल्यांचा सुंदर फोटो टाकतं. तो तिथून माहेरच्या ग्रुपवर जातो, तिथून ऑफिसच्या, तिथून भिशीच्या. चौथ्या ग्रुपवर कोणीतरी विचारतं, "अगं, कोणाच्या आहेत या? नंबर आहे का?" आणि तिथे कोणालाच माहीत नसतं. फोटो पुढे गेला, माणूस मागे राहिला. फोटोखाली लिहिलेला मजकूर फॉरवर्ड करताना गळू शकतो.

म्हणून आज आपण फोटोची सही बनवणार आहोत. सही म्हणजे फोटोच्या तळाशी कायमची चिकटलेली, तुमच्या कामाचं नाव आणि नंबर असलेली एक देखणी पट्टी. एकदा बनवली की वर्षभर प्रत्येक फोटोला लावायची. सॉफ्टवेअर गिंप घेऊया. ते फुकट आहे, धंद्यासाठी वापरायला पूर्ण परवानगी आहे आणि साध्या कॉम्प्युटरवरही चालतं. नव्वदच्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोघांनी ते सुरू केलं. २०२५ च्या मार्चमध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली. आधीची २.१० असेल तरी आजचं सगळं काम होतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सहीचं काम एकच, गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत परत आणणं. नक्षी हवीच, कारण आपला माल घरगुती आहे, मायेचा आहे, आणि ते पट्टीकडे बघूनही कळायला पाहिजे. पण नक्षी आणि नंबर यांच्यात जागेवरून भांडण झालं, तर जागा नंबरला द्यायची.

माप आधी, रंग नंतर

बहुतेक जण आधी फॉन्ट निवडायला बसतात. आपण आधी हिशोब करू. साडेसहा इंची फोनची स्क्रीन रुंदीला जवळपास ६.८ सेंटीमीटर असते. तुमचा फोटो १०८० पिक्सेल रुंद आहे आणि नंबरातला आकडा २४ पिक्सेल उंच आहे असं धरा. फोटो पूर्ण स्क्रीनवर उघडला तर तो आकडा दीड मिलिमीटर दिसेल. चॅटमध्ये फोटो त्याहून लहान दिसतो, साधारण पाऊण रुंदीचा. म्हणजे उरला जेमतेम एक मिलिमीटर. चाळिशी ओलांडलेल्या ताईंना चष्मा शोधावा लागणार, आणि फराळाची ऑर्डर बहुतेक त्याच देणार!

तोच आकडा ६० पिक्सेल उंच केला तर पूर्ण स्क्रीनवर ३.८ आणि चॅटमध्ये तीनच्या आसपास मिलिमीटर होतो. फोटो न उघडता वाचता येतो. फॉन्टचा आकार ८४ च्या आसपास दिला की आकड्याची खरी उंची साठच्या जवळ येते, कारण फॉन्टच्या आकारात वरखालची मोकळी जागाही धरलेली असते.

यावरून पट्टीचं माप ठरतं: १०८० रुंद, २२० उंच. फोटो चौकोनी, १०८० बाय १०८०. पट्टी त्याचा पाचवा हिस्सा घेते. जास्त वाटतंय? फोटो काढतानाच ताटाच्या खाली तेवढी जागा सोडा, म्हणजे एकही करंजी झाकली जाणार नाही.

काठ कपाटातून काढा

आता मजेचा भाग. नक्षीसाठी इंटरनेटवरून 'बॉर्डर डिझाइन' उतरवू नका. एक तर ती कोणाची तरी मालकीची असते, आणि दुसरं म्हणजे तीच बॉर्डर लग्नपत्रिकेवर, केक शॉपच्या बॅनरवर आणि नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आधीच लागलेली असते. त्यापेक्षा कपाट उघडा. पैठणी असेल तर नारळी काठ बघा, पदरावरचे मोर बघा, मुनिया बघा. इरकल असेल तर तिचा काठ. आईचं जुनं नऊवारी असेल तर फारच छान. येवल्या-पैठणच्या विणकरांनी रंगसंगतीचा विचार करून ठेवलाय, आपण कशाला डोकं लावायचं?

साडी पलंगावर ताणून पसरा. खिडकीचा उजेड घ्या, थेट ऊन नको आणि फ्लॅश तर अजिबात नको. जरीवर फ्लॅश पडला की मध्येच पांढरा डाग येतो आणि तो नंतर काढणं कटकटीचं असतं. फोन काठाच्या बरोबर वर धरून सरळ फोटो काढा.

फोटो कितीही सरळ काढला तरी काठ थोडा तिरका येतोच. गिंपमध्ये शिफ्ट आणि पी दाबून पर्स्पेक्टिव्ह टूल घ्या. त्याच्या पर्यायांमध्ये 'करेक्टिव्ह' निवडा. चार कोपरे काठाच्या चार टोकांवर नेऊन ठेवा आणि एंटर दाबा. काठ आपोआप काटकोनात येतो. हे टूल अनेकांना माहीतच नसतं. दुकानाच्या पाटीचा किंवा मेनूकार्डाचा तिरका फोटो सरळ करायलाही तेच वापरा.

मग काठातला एकच नमुना कापून घ्या, म्हणजे एक नारळ, एक फूल किंवा एक मुनिया. शिफ्ट आणि सी म्हणजे क्रॉप. 'इमेज'मधल्या 'स्केल इमेज'ने हा तुकडा ६० रुंद आणि ४४ उंच करा. माप थोडं पुढेमागे असेल तर मधली साखळी उघडून दोन्ही आकडे वेगवेगळे भरा. नमुना किंचित दबला तरी डोळ्याला कळत नाही.

आता हा तुकडा शेजारी शेजारी नुसता चिकटवला तर प्रत्येक जोड दिसतो, कारण डाव्या कडेचा रंग उजव्या कडेशी तंतोतंत जुळत नाही. यावर एक सोपी युक्ती आहे. 'इमेज'मधून 'कॅनव्हास साइज' घेऊन रुंदी ६० ची १२० करा. तुकड्याच्या लेयरची एक प्रत काढा, ती आडवी उलटी करा, म्हणजे 'फ्लिप हॉरिझॉन्टली', आणि उजवीकडच्या रिकाम्या जागेत सरकवा. आता जोडाच्या दोन्ही बाजूंना एकच कड आली, एक सुलटी आणि एक उलटी. जोड दिसायचा प्रश्नच मिटला. शिवाय दोन मुनिया समोरासमोर तोंड करून बसतात, ते वेगळंच. मग 'इमेज'मधलं 'फ्लॅटन' करून, कंट्रोल-ए आणि कंट्रोल-सी दाबून ही जोडी कॉपी करा.

आपण कॉपी केलेली कोणतीही गोष्ट गिंप 'पॅटर्न' म्हणून लगेच वापरायला देतं. कंट्रोल-एन दाबून १०८० बाय २२० ची नवी फाइल उघडा. साडीच्या अंगाचा रंग कलर पिकरने उचला आणि पूर्ण पट्टी त्याने भरा. आमसुली, मोरपंखी, जांभळा, जो तुमचा असेल तो. मग आर दाबून वरचा ४४ पिक्सेलचा पट्टा निवडा. बकेट फिलमध्ये 'पॅटर्न' निवडा, पॅटर्नच्या यादीतून 'क्लिपबोर्ड' घ्या, 'पूर्ण सिलेक्शन भरा' हा पर्याय लावा आणि एक क्लिक करा. १०८० ला १२० ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे बरोबर नऊ जोड्या बसतात आणि शेवटी अर्धा मोर कापला जात नाही. काठ वरच का? पॅटर्नची मांडणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते. पट्टा मध्येच कुठेतरी निवडला तर नमुना अर्ध्यातून सुरू होतो आणि मोराचे पाय वर, डोकं खाली असला प्रकार होतो.

मराठी अक्षर मराठीच दिसायला हवं

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण याच ठिकाणी चांगल्या चांगल्या पट्ट्या फसलेल्या दिसतात.

टाइप करायचं ते युनिकोडमध्येच. फोनवर मराठी कीबोर्डने जे टाइप करता ते युनिकोडच असतं. कृतिदेवसारख्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर आतून इंग्रजी अक्षरंच असतो, वर फक्त मराठी चेहरा चढवलेला असतो. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसेल, की चकलीची भेंडोळी होतात.

फॉन्ट मोफत आणि चांगले भरपूर आहेत. मुंबईच्या एक टाइप या गटाचा 'मुक्ता' सरळ, स्वच्छ आणि लहान आकारातही वाचता येणारा आहे. त्यांचाच 'बालू' गोलमटोल आहे, खाऊच्या धंद्याला शोभतो. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची आठवण करून देणारा 'यात्रा वन' आहे. पारंपरिक छपाईसारखं वळण हवं असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' बघा. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर मिळतात आणि त्यांच्या खुल्या परवान्यात धंद्यासाठी वापर चालतो. पट्टीवर एकच फॉन्ट वापरा, फार तर दोन. तिसरा आला की ती पट्टी न राहता पँफ्लेट होते.

निवडलेल्या फॉन्टची परीक्षा घ्या. हे शब्द टाइप करा: कैऱ्या, पुऱ्या, ज्ञानेश्वर, लक्ष्मी, कोथिंबीर वडी, ॲडव्हान्स, शेव, लाडू. 'पुऱ्या'मधला अर्धा र हा खास आपला आहे. तो नीट उमटला नाही तर फॉन्ट बदला. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे काही जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी नुसती चौकट दिसते.

आता 'ल' आणि 'श' नीट बघा. आपण शाळेत पाटीवर गिरवलेला ल दोन पाकळ्यांचा असतो. हिंदी छपाईतला ल उजवीकडे उभी दांडी घेऊन येतो. श चंही तसंच, मराठी वळण वेगळं आणि हिंदी वेगळं. कित्येक फॉन्टमध्ये दोन्ही रूपं भरलेली असतात, पण सॉफ्टवेअरला भाषा सांगितली नाही तर ते हिंदी रूप दाखवतं. गिंपच्या टेक्स्ट टूलच्या पर्यायांमध्ये अगदी खाली 'लँग्वेज' असा रकाना असतो. तिथे मराठी निवडा. फॉन्टमध्ये मराठी रूप असेल तर 'लाडू'चा ल डोळ्यांसमोर बदलतो. वाचणाऱ्याला नेमकं काय बदललं ते सांगता येणार नाही, पण पट्टी आपल्या माणसाची आहे हे जाणवतं. घरगुती फराळ विकताना एवढं जाणवलं तरी पुष्कळ आहे.

फोटोशॉप वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण. तिथे कधीकधी जोडाक्षरं फुटतात. वेलांटी भलत्या अक्षराला लागते आणि 'दिवाळी'ची 'दविाळी' होते. तसं झालं तर 'प्रेफरन्सेस'मध्ये 'टाइप' उघडा. तिथे 'वर्ल्ड-रेडी लेआउट' किंवा जुन्या आवृत्तीत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' निवडा. मग परिच्छेदाच्या पॅनलमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर लावा. गिंपमध्ये ही भानगड नाही, ते देवनागरी मुळातच नीट जोडतं.

पट्टीवर लिहायचं काय? पहिल्या ओळीत तुमचं नाव किंवा 'घरगुती दिवाळी फराळ' आणि गावाचं किंवा पेठेचं नाव, आकार साठच्या आसपास. दुसऱ्या ओळीत नंबर, आकार ८४. नंबर पाच-पाच आकड्यांच्या दोन गटांत लिहा, म्हणजे बघून डायल करताना चुकत नाही. नंबर एकच द्या. 'यांचा', 'त्यांचा' आणि 'दुकानाचा' असे तीन नंबर दिले की कोणता लावायचा याच विचारात माणूस पुढे निघून जातो. इन्स्टाग्राम, पत्ता, 'शुद्ध तुपातील', 'एकदा अवश्य भेट द्या', हे सगळं पट्टीवर नको. अन्नपरवान्याचा चौदा आकडी नंबर पाकिटाच्या लेबलवर छापायचा असतो. तो इथे कोंबलात तर फोन नंबर त्याच्या गर्दीत हरवेल.

रंगाची परीक्षा

हिरव्या पट्टीवर लाल अक्षर. कॉम्प्युटरवर काय उठून दिसतं! आणि व्हॉट्सॲपवर गेलं की अक्षरांच्या कडा माखल्यासारख्या होतात. याला कारण आहे. फोटो पाठवताना व्हॉट्सॲप तो जेपेग पद्धतीने दाबून लहान करतं. या पद्धतीत उजेड-अंधाराची माहिती बारकाईने जपली जाते, पण रंगांची माहिती साधारणपणे अर्ध्याच बारकाईने ठेवली जाते, कारण माणसाच्या डोळ्याला रंगातला बारीक फरक कमी कळतो. तुमचं अक्षर आणि पट्टी यांत फरक फक्त रंगाचा असेल, तर नेमकी तीच माहिती कापली जाते. फरक उजेडाचा असेल, म्हणजे गडद आमसुलीवर फिकट पिवळा किंवा मोरपंखीवर पांढरा, तर अक्षर टिकतं.

तपासायला अर्धा मिनिट लागतो. 'कलर्स'मधून 'डीसॅच्युरेट' करा, म्हणजे पट्टी कृष्णधवल होईल. नंबर लख्ख वाचता आला तर पास. करड्यावर करडं दिसलं तर रंग बदला. मग कंट्रोल-झेड दाबून रंग परत आणा. ज्यांना लाल-हिरवा फरक कळत नाही अशा गिऱ्हाइकांचाही प्रश्न याच परीक्षेत सुटतो.

सजावटीची हौस असेल तर नावाच्या ओळीला हलकी सावली द्या. 'फिल्टर्स'मध्ये 'लाइट अँड शॅडो', त्यात 'ड्रॉप शॅडो'. नंबरला सावली नको, चमक नको, सोनेरी ग्रेडियंट तर नकोच. दागिने नावाला घाला, नंबर साधा ठेवा.

जतन आणि वापर

फाइल दोनदा ठेवायची. एक गिंपची स्वतःची एक्ससीएफ, त्यात सगळे लेयर सुटे राहतात. दुसरी 'एक्सपोर्ट' करून पीएनजी. मग फोटो उघडा, चौकोनी कापा, १०८० वर आणा, 'ओपन ॲज लेयर्स'ने पीएनजी वर घ्या आणि तळाशी सरकवा. शेवटी जेपेगमध्ये एक्सपोर्ट करा, क्वालिटी ९०. फोनवरच फोटो बनवत असाल तर पीएनजी स्वतःलाच व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलीत तर ती दाबली जाईल. मग फोटोवर फोटो ठेवू देणाऱ्या कोणत्याही ॲपमध्ये ती लावता येते.

ईमेलच्या सहीत हीच पट्टी हवी असेल तर ६०० रुंदीची वेगळी प्रत करा, आणि नंबर चित्राखाली अक्षरांतही लिहा. काही ईमेल प्रोग्राम चित्रं आपणहून दाखवत नाहीत, आणि चित्रातल्या नंबरावर बोट ठेवून फोन लागत नाही. पट्टीची पार्श्वभूमी भरीव ठेवा. पारदर्शक पीएनजीवरची काळी अक्षरं डार्क मोडमध्ये काळ्यावर काळी होऊन गायब होतात.

"कोणी पट्टी कापून माझा फोटो स्वतःचा म्हणून टाकला तर?" कापेल. ज्याला चोरायचंच आहे त्याला पट्टी अडवत नाही. फोटोच्या मधोमध तिरक्या अक्षरांत नाव छापून लाडवांची शोभा घालवू नका. ही सही त्या मावशींसाठी आहे, ज्या कौतुकाने तुमचा फोटो पाच ग्रुपवर टाकतात. तरीही धास्ती असेल तर डब्याच्या झाकणावर तुमच्या नावाचं स्टिकर लावा आणि तो डबा ताटाच्या मागे ठेवून फोटो काढा. ते कापणं अवघड जातं.

पट्टी तयार झाली की घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या फोनवर पाठवा आणि फोटो न उघडता नंबर वाचून दाखवायला सांगा. अडखळले तर ८४ चे ९६ करा आणि नावाची ओळ थोडी लहान करा.

एक्ससीएफ फाइल मात्र जपून ठेवा, पेन ड्राइव्हवर एक आणि ईमेलवर एक. संक्रांतीला ती उघडून 'फराळ'च्या जागी 'तिळगूळ' टाइप करायचं आणि मागचा रंग काळा करायचा. एप्रिलमध्ये 'हापूस', जूनमध्ये 'लोणचं'. काठ तोच, नंबर तोच, काम पाच मिनिटांचं.